फळ कधी धरणार?

तोवर माझ्यासाठी ओक म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या ओकबाई. ओक नावाचं झाड असतं हे इंग्रजी गोष्टींमुळे माहीत होतं. पण ते आपण वाढवायचं? छे! आम्ही मनीप्लांटही मारून दाखवणारी माणसं.

२०१७च्या जूनमध्ये कंपनीने मला न्यू जर्सीला पाठवलं. एच-वन-बी व्हिसा, एडिसनमध्ये भाड्याचं घर, वीकएंडला इंडियन ग्रोसरी... सगळं ठरलेल्या साच्यातलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक अवाढव्य झाड होतं. ऑक्टोबरमध्ये त्याची पानं वाइनसारखी लाल व्हायची आणि गाडीच्या टपावर टकाटक काहीतरी पडायचं. सुपारीएवढं फळ, डोक्यावर खडबडीत टोपी. एकॉर्न! टीममधला एक सीनियर म्हणाला, "हा व्हाइट ओक. पानांच्या कडा बघ, गोलसर आहेत. रेड ओकच्या टोकदार असतात."

बास्किंग रिजचं त्यानेच सांगितलं. तिथल्या चर्चच्या दफनभूमीत सुमारे सहाशे वर्षांचा व्हाइट ओक होता. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही दोनेकशे वर्षं आधीचा! २०१६मध्ये तो वाळत गेला आणि २०१७च्या एप्रिलमध्ये कापावा लागला. माझं विमान उतरलं जूनमध्ये. दोन महिन्यांनी चुकामूक! आम्ही गेलो तेव्हा तिथे त्याच्याच एकॉर्नपासून वाढवलेलं तरुण झाड होतं. ते बघितलं आणि डोक्यात किडा वळवळला.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये खिसा भरून एकॉर्न घरी आणली. कृती सोपी आहे. पाण्यात टाका. तरंगतील ती बहुतेक किडकी, बुडतील ती ठेवा. रेड ओकच्या बीला रुजायच्या आधी अख्खा हिवाळा लागतो, व्हाइट ओकला तेवढा धीर नाही. जमिनीवर पडल्यावर थोड्याच दिवसांत मूळ बाहेर! वर मात्र काहीच नाही, कोंब येतो थेट वसंतात. खारींना हे पक्कं ठाऊक असतं. पुरून ठेवण्याआधी त्या या बीचा अंकुरच कुरतडून टाकतात, म्हणजे साठा रुजून वाया जायला नको. काय हे प्लॅनिंग! आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने शिकवणी लावावी.

दुधाच्या उंच खोक्यांत सहा एकॉर्न लावली. खोकी उंचच हवीत, कारण सोटमूळ सरळ खाली धावतं. एप्रिलपर्यंत नुसती माती. बायको म्हणायची, "अरे, मातीला पाणी घालतोयस." मेमध्ये तीन कोंब वर आले!

गुहागरला फोन लावला. बाबांची तिथे आंब्याची थोडी कलमं आहेत. त्यांचा पहिला प्रश्न, "फळ कधी धरणार?"

"लवकरात लवकर वीस वर्षांनी. भरघोस धरायला पन्नास."

"आणि खायचं कोणी?"

"खारींनी."

पलीकडे शांतता. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देतं. त्या हिशेबात मी ठार वेडा.

२०१९च्या सप्टेंबरमध्ये नोकरी गेली. अशा वेळी एच-वन-बीवाल्याच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. खूप ठिकाणी अर्ज केले, जमलं नाही. मग एक्सेल शीट उघडली. गाडी विकणे, सोफा विकणे, बँक खातं बंद करणे... शेवटच्या ओळीत 'ओक'. दोन रोपं सीनियरने नेली. तिसरं कोणाला द्यावंसं वाटेना. पण सोटमूळ वाढलं की झाड हलवणं कठीण. ते आत्ताच जमिनीत जायला हवं होतं आणि माझ्या मालकीची इंचभर जमीन नव्हती. खरं सांगू? हरून परत चाललोय असंच वाटत होतं.

शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी राहायच्या. दोन वर्षांत आमचं फक्त हाय-बाय. भीत भीत विचारलं, तुमच्या परसात लावू का? त्या रोपाकडे बघून म्हणाल्या, "याची सावली मी बघणार नाही. बहुतेक तूही नाही. मग खड्डा कुठे खणायचा?"

घरापासून, तारांपासून लांब, भरपूर उन्हात खणला, कारण हे झाड उंच होतं तेवढंच रुंदही पसरतं. भोवती पालापाचोळा घातला, पण खोडाला टेकू न देता. हरणांसाठी पाच फुटी जाळी लावली. पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या आठवड्यात पाणी. छाटणी केलीच तर कडाक्याच्या थंडीत. इतर वेळी ताज्या जखमेवर येणारे किडे ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आणू शकतात. हे सगळं कागदावर लिहून आजींच्या फ्रिजवर चिकटवलं आणि विमान पकडलं.

२०२०च्या जानेवारीत त्यांचा फोटो आला. सगळी पानं तपकिरी, वाळलेली, पण फांदीलाच लटकलेली. मेलं वाटतं! आजींचं उत्तर आलं, "घाबरू नकोस. तरुण ओक असंच करतात. नवीन पालवी येईपर्यंत जुनी पानं सोडत नाहीत." मीही तेव्हा पुण्यात तसाच होतो. प्रत्येक वाक्य 'तिकडे असताना'ने सुरू!

एखादं एकॉर्न इकडे आणायचा मोह झाला होता. पण परवानगीशिवाय बियाणं आणता येत नाही आणि त्याला हवी तशी थंडी पुण्यात कुठली? असो. आजींच्या परसातल्या ओकाने आता जाळीच्या वर डोकं काढलंय.

गेल्या जूनमध्ये गुहागरला गेलो, तर बाबा पावसात खड्डा खणत होते. शेजारी कलम नव्हतं, रायवळ आंब्याची कोय होती. वय वर्षं ७४!

"बाबा, फळ कधी धरणार?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली. "खण."