यवतमाळचा कूलर आणि सीपीयूचा कूलर

गेमिंग पीसी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मुंबईचा लॅमिंग्टन रोड, एसी रूम आणि कॅबिनेटमधले लाल-निळे लाइट्स! पण बॉस, हाच पीसी यवतमाळमध्ये बनवायचा तर सगळा फंडाच बदलतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि 'कूलर' म्हणजे खिडकीला लावलेला, ओल्या ताट्यांमधून गार हवा फेकणारा लोखंडी डबा. प्रोसेसरवरचा चिमुकला पंखा कुणाच्या गावीही नसतो.

माझ्या आतेभावाने पहिल्या नोकरीतून ५० हजार साठवले. मॉनिटर त्याच्याकडे होता, बाकी सगळं घ्यायचं होतं. सोबत म्हणून मी गेले आणि दोन दिवस आम्ही दत्त चौकाच्या आसपास भटकलो.

कंपॅटिबिलिटी काय चीज आहे, हे यवतमाळकरांना वेगळं सांगायला नको. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला अडीच फुटी नॅरोगेजवर धावायची. कापसासाठी टाकलेली ती लाइन आता बंद आहे. २०२४ मध्ये वर्ध्याहून जिल्ह्यातल्या कळंबपर्यंत नवी गाडी आली, ती ब्रॉडगेजवर. एकीचं इंजिन दुसरीच्या रुळांवर चढवून बघा! सॉकेटचंही तेच. एएमडीच्या एएम४ बोर्डवर डीडीआर४ रॅम लागते, एएम५ वर डीडीआर५. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावाल तर स्लॉट जाईल. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये आणखी गंमत आहे. सॉकेट एकच, पण बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून खोक्यावरचं नाव नीट वाचायचं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून ही चूक भलतीच महाग पडते.

भावाने एएम४ चा रायझन ५ ५६०० घेतला. पंखा सोबत येतो, पण ग्राफिक्स आत नसतात, म्हणजे कार्ड हवंच. त्याला आरटीएक्स ३०५० हवं होतं, ८ जीबीवालं. दुकानदाराने मात्र आधी विचारलं, "भाऊ, घरची लाईन कशी हाय?"

प्रश्न अगदी बरोबर! ८ जीबीचं कार्ड १३० वॉट खातं, ६ जीबीचं ७०. दुसरं थोडं मंद आहे, पण बहुतेकदा त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. पंख्याची हवा खोलीपेक्षा गार असू शकत नाही. चाळीस अंशांच्या खोलीत प्रत्येक जादा वॉट म्हणजे नुसती भट्टी. शिवाय ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. लाइट गेली की गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरती ती काही मिनिटं मिळतात. माझ्या मते इथे ६ जीबीच शहाणपणाचं. एसएमपीएसवर मात्र कंजुषी करू नका, चांगल्या कंपनीचा ५०० वॉटचा भरपूर झाला.

आणि हो, पीसी खिडकीतल्या कूलरच्या झोतात ठेवायचा नाही! ती ओलसर हवा माणसांसाठी.

कार्ड यवतमाळात मिळालं नाही. नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे परत करायला जाण्यात अख्खी सुट्टी खर्च. म्हणून निघण्याआधी भावाने आत्याच्या शिवणाच्या टेपने कॅबिनेटची आतली लांबी मोजली, आकडा तळहातावर लिहिला आणि सकाळची एसटी पकडली.