शेवटची खपली

९ सप्टेंबर २०२४, गोमा, काँगो
विस्थापितांच्या छावणीतून सहा वर्षांचा मुलगा आला. तीन दिवस ताप. जबड्याखाली गाठी, जांघेत अवधाण. जिभेवर व्रण आहेत, म्हणून जेवत नाही. कपाळावर सपाट डाग उठू लागलेत, पण सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. बॅटरीचा उजेड तिरपा धरला तेव्हा दिसले. नमुना प्रयोगशाळेत पाठवला.

११ सप्टेंबर
डागांच्या पुटकुळ्या झाल्या. चेहऱ्यावरून हातापायांवर, तळहात-तळपायांवर उतरल्या. हातमोज्यातून छऱ्यासारख्या टणक लागतात. आईला गोवर वाटतो. गोवराचं पुरळ इतकं टणक नसतं. कांजिण्यांत नवेजुने फोड शेजारी शेजारी दिसतात; याच्या हातावरचे जवळपास सगळे एकाच अवस्थेतले.

१३ सप्टेंबर
फोडांत पाणी भरलं. मोजले, शंभरावर गेले. अहवाल आला: एमपॉक्स.

१७ सप्टेंबर
पाण्याचा पू झाला. वाटाण्याएवढे, कातडीत खोल रुतलेले फोड, मधोमध बेंबीसारखा खळगा. रात्रभर कण्हत होता. खाजवू नये म्हणून नखं कापली. बुबुळावर फोड आला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून डोळे रोज तपासते.

आई औषध मागते. टेकोव्हिरिमॅट या औषधाने फोड लवकर बरे होत नाहीत, असं याच देशातल्या चाचणीत दिसलं. निकाल गेल्या महिन्यात आला. त्याच चाचणीत औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या सगळ्या रुग्णांत मिळून मृत्यू १.७ टक्के; एरवी देशात ३.६ किंवा त्याहून जास्त. फरक पडला तो दवाखान्यातल्या शुश्रूषेने. म्हणून पेज, पाणी, तापाची गोळी, जखमांची स्वच्छता, यात कसूर करायची नाही.

२४ सप्टेंबर
फोड सुकून काळ्या खपल्या धरल्या. ताप नाही. पोरगं खाटेवर उड्या मारतंय. आई म्हणते, बरा झाला, घरी नेते. मला या दिवसांची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. खपलीतही विषाणू असतो, आणि छावणीत एका ताडपत्रीखाली चार भावंडं एकाच चादरीत झोपतात. बराच वेळ समजावलं. राहिली.

२ ऑक्टोबर
चेहऱ्यावरच्या खपल्या गळल्या, खाली फिकट वण. माझ्या आजीच्या दंडावरचे देवी टोचल्याचे दोन वण आठवले. ती लस एमपॉक्सपासूनही बरंच संरक्षण देत असे. माणसातला पहिला ज्ञात रुग्ण याच देशातला, १९७० सालचा, नऊ महिन्यांचं बाळ. घरात देवी न टोचलेलं तेवढं एकच. १९८० मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर झालं, टोचणं थांबलं. त्यानंतर जन्मलेल्यांना ते कवच नाही.

५ ऑक्टोबर
तळपायाची कातडी जाड, तिथली खपली सगळ्यात शेवटी पडली. खाली नवी कातडी आली आहे. सव्वीस दिवसांनी मुलगा आईचा हात धरून चालत गेला. आजच गोम्यात लसीकरण सुरू झालं, पण फक्त प्रौढांसाठी. खाटांवर मात्र मुलंच जास्त आहेत. त्यांची लस लवकर यायला हवी. तोवर प्रत्येक आईला एवढंच सांगायचं: ताप उतरला म्हणून घाई करू नका, शेवटची खपली पडून खाली नवी कातडी येऊ द्या.