पाण्यावरची राखण

मंडळी, माळ्यावर बसून जोंधळ्याची राखण तुम्ही केली असेल. माझी नोकरी तशीच. पाखरांऐवजी पोरं आणि गोफणीऐवजी शिट्टी, एवढाच फरक. शहरातल्या एका पोहण्याच्या तलावावर मी जीवरक्षक आहे.

पहाटे आधी पाणी बघायचं. काठावरून तळ स्वच्छ दिसला पाहिजे. गढूळ पाण्यात बुडालेलं माणूस दिसत नाही. मग क्लोरीन तपासायचं, दोर आणि हवेची ट्यूब जागेवर आहे ना ते बघायचं, आणि उंच खुर्चीवर बसून डोकी मोजत राहायचं. लोक म्हणतात, बसून पगार खातो! पण नजर थकते, म्हणून आम्ही आळीपाळीने बसतो.

पहिल्याच उन्हाळ्यात एका ओळखीच्या मामांशी दोन शब्द बोललो आणि मोजणीत एक डोकं कमी भरलं. आठ वर्षांचं पोर बापापासून चार हातांवर बुडत होतं. उडी मारून काढलं, वाचलं. बाप म्हणाला, "मला वाटलं, खेळतोय." त्याची चूक नव्हती. बुडणारा ओरडत नाही. तोंड क्षणभर वर येतं, तेवढ्यात तो श्वास घेईल की हाक मारील? चूक माझी होती. त्या रात्री मला घास गेला नाही.

हे तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे दादाचं शेततळं. गेल्या वर्षी फुटव्हॉल्व्हला कचरा अडकला म्हणून मी त्यात उतरलो. उतार, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. पट्टीचा पोहणारा मी, पण वर चढता येईना. पाय ठेवला की घसरायचा. वहिनींनी दोर टाकला म्हणून निघालो. पोहता न येणाऱ्या पोराचं काय झालं असतं?

दुसऱ्याच दिवशी दादानं चारही काठांना खुंटे ठोकून, गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले. काठावर झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन दोर बांधून ठेवले. कुंपणही केलं. घरात सगळ्यांना बजावलं, कुणी पडलं तर मागोमाग उडी टाकायची नाही. बुडणारा मिठी मारतो नि दोघंही जातात. दोर, कॅन, बांबू, हाताला लागेल ते पुढे करायचं. बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा.

परवा फवारणीला एक कॅन कुणीतरी नेलाच. वहिनींनी तो दिवे लागायच्या आत परत आणवून बांधला.