लाईट आल्यानंतरची पाच मिनिटं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीला गावी गेलो होतो, तिथला किस्सा सांगतो. आमचं गाव वालूर, परभणी जिल्हा, तालुका सेलू. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव असलेलं ते हेच.

माझ्या नोकरीचं काम एका वाक्यात सांगायचं तर कंपन्यांच्या स्वतःच्या जागेत सर्व्हर उभे करणं, आणि तेही हात न लावता. आता सगळं क्लाऊडवर असताना हे कशाला, असं पुण्यातले मित्र विचारतात. त्यांना मी आमच्याकडचं एक जिनिंग दाखवीन म्हणतो. कापसाची गाडी वजनकाट्यावर चढली की पावती निघाली पाहिजे. इंटरनेट बंद आहे म्हणून मागच्या तीस गाड्या थांबवता येत नाहीत. म्हणून सर्व्हर तिथेच, ऑफिसच्या कोपऱ्यात.

तो सर्व्हर मीच बसवला होता, काही वर्षांपूर्वी, ओळखीखातर. रात्रभर बसून, एकेक कमांड हाताने टाईप करून. मग ऐन हंगामात त्याची हार्ड डिस्क गेली. डेटाचा बॅकअप होता, कारण माझा शाळेतला दोस्त (सेलूला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे) रोज संध्याकाळी कॉपी घ्यायचा. पण सर्व्हर नेमका कसा लावला होता ते फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि मी ते विसरलो होतो! दोन दिवस आम्ही फोनवर धडपडलो. तोवर पावत्या हाताने, आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. त्या रांगेतल्या माणसांना माझं नाव माहीत नव्हतं, हे माझं नशीब.

तेव्हा ठरवलं, पुढच्या वेळी सगळं लिहून ठेवायचं. म्हणजे वहीत नाही, मशीनला वाचता येईल असं. ही कल्पना काही माझी नाही. मार्क बर्जेसने १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं, २००५ मध्ये पपेट आलं, २०१२ मध्ये अँसिबल. तिन्हींचं मूळ तत्त्व एकच. 'दिवा लाव' असं सांगायचं नाही, 'दिवा लागलेला असावा' असं सांगायचं. लागलेला असेल तर मशीन गप्प बसतं, नसेल तर लावतं. त्यामुळे तीच फाईल दहा वेळा चालवली तरी बिघडत नाही. आणि कोऱ्या मशीनवर पहिल्यांदा काही चढवायचं तर पीएक्सई. मशीन सुरू होताच नेटवर्कवर ओरडतं, 'मला पत्ता द्या', आणि कुणी उत्तर दिलं की तिथून सगळं उतरवून घेतं.

तर यंदा दिवाळीत नवीन सर्व्हर आला. पाडव्यापासून गाड्या सुरू होणार होत्या. दोस्ताने सर्व्हर जोडला, मी लॅपटॉपवर फाईल चालवली आणि दोघं चहा घेत बसलो. स्क्रीनवर ओळी पळत होत्या. पूर्वी ह्या कामाला त्याचा अख्खा दिवस जायचा, त्याचे त्याला पैसे मिळायचे.

तो म्हणाला, "भारीये रे. मग आता मला काऊन बोलावतील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा संपवला.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, तिनेही मान टाकली. पाच मिनिटांनी लाईट आली, पण सर्व्हर काही उठेना. पुन्हा चालू-बंद करून पाहावं म्हणून मी उठलो, तर दोस्त म्हणाला, "थांब. तुझी फाईल लाईट जाते हे मानायलीच नाही."

त्याचं बरोबर होतं. लाईट येताच सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच एकदम सुरू होतात. स्विचला जागं व्हायला वेळ लागतो, वर प्रत्येक पोर्ट तपासण्यात आणखी तीस सेकंद. तोवर सर्व्हर ओरडून ओरडून थकतो. डिस्क अर्धवट भरलेली, म्हणजे तिकडूनही काही नाही. दोस्त वर्षानुवर्षं आधी स्विच चालू करायचा, दिवे स्थिर व्हायची वाट बघायचा आणि मग सर्व्हरचं बटण दाबायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही ते लिहिलं. लाईट आल्यावर सर्व्हरने पाच मिनिटं थांबावं, स्विचने पोर्ट लगेच उघडावेत, यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हरने स्वतःहून नीट बंद व्हावं. रात्री मेन स्विच पाडून तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा सर्व्हर आपला आपण उठला.

परत येताना तो म्हणाला, "माझं होतं नव्हतं तेपण लिहून घेतलंस की."

हसत म्हणाला, पण म्हणाला.

ती फाईल आता त्याच्याकडे आहे आणि ती कशी बदलायची हे मी दर रविवारी फोनवर त्याला शिकवतोय. जिनिंगवाल्यांशी बोलून फेरीच्या पैशांऐवजी वर्षाचा ठराविक करार करून घेतला. त्यात त्याचं भागेल का, ते हंगाम संपल्यावर कळेल. पाडव्याला काटा वेळेवर सुरू झाला, एवढं मात्र खरं.

असो. तुमच्या ऑफिसात आधी स्विच मग सर्व्हर चालू करणारा कुणीतरी असेलच. त्याच्याकडून लिहून घ्या. पण त्याच्या पगाराचंही बघा.