नैवेद्य आणि आमटी

नैवेद्याचा स्वयंपाक चाखून पाहावयाचा नाही, असा आपल्याकडे दंडक आहे. कटाच्या आमटीत मीठ बरोबर पडले की नाही, हे देवापुढे ताट ठेवून झाल्यावर आणि पहिली पंगत बसल्यावरच कळते. देव काही बोलत नाही, पाहुणे संकोचाने बोलत नाहीत. घरची माणसे बोलतात, पण तोवर वेळ टळून गेलेली असते. रोजच्या आमटीचे तसे नाही. ती उकळत असतानाच पळीने थेंबभर तळहातावर घ्यावी, चाखावी आणि लागेल तसा मिठाचा चिमटा किंवा गुळाचा खडा टाकावा, हा प्रत्येक घरचा परिपाठ. मोठमोठ्या कंपन्यांत नव्या वस्तू कशा घडतात, याचा विचार करू लागलो की मला हा भेद हटकून आठवतो. तेथे बहुधा सारा स्वयंपाक नैवेद्याचाच असतो!

ज्या मोठ्या कंपनीत मी अनेक वर्षे काढली, तेथे प्रत्येक आराखडा सात मेजांवरून जाई आणि प्रत्येक मेजावर त्याला एक सही मिळे. असाच सात सह्या ल्यालेला एक आराखडा यंत्ररूपाने कारखान्यात अवतरला. ते चालविणाऱ्या कामगाराने ते एकवार न्याहाळले, शांतपणे एक लाकडी खोके आणून पुढे ठेवले आणि त्यावर चढून काम सुरू केले. कारण यंत्राचा दांडा त्याच्या खांद्याहून वर होता. सह्या करणाऱ्यांपैकी कोणीही आळशी अथवा अडाणी नव्हता. परंतु कागदावर एकेक सही चढत गेली, तसतसा त्यात बदल सुचविणे म्हणजे आधीच्या सर्वांचा उपमर्द करणे, असे होऊन बसले. ते खोके मात्र यंत्राचाच एक अवयव असल्याप्रमाणे कायमचे तेथे राहिले.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे संगणक-प्रणाली रचणारे सतरा जण एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटेखानी जाहीरनामा लिहिला. ठरलेल्या योजनेला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे आणि कार्यपद्धतीपेक्षा माणसांचा परस्पर व्यवहार अधिक मोलाचा, असा त्याचा आशय होता. त्यालाच पुढे ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, हे नाव रूढ झाले. दहा माणसांच्या चमूला ही चपळाई सहज साधते. लाखो माणसांच्या संस्थेला ती कशी साधावी, हा खरा प्रश्न.

या बाबतीत आय.बी.एम. कंपनीचे उदाहरण मनोरंजक आहे. १९५६ मध्ये धाकट्या थॉमस वॉटसन यांनी एलियट नॉइस या वास्तुरचनाकाराकडे कंपनीच्या साऱ्या रूपाची धुरा दिली; नॉइस यांनी मात्र नोकरी न पत्करता सल्लागार राहणेच पसंत केले. १९६१ चा ‘सिलेक्ट्रिक’ टंकलेखक हे त्यांच्याच कल्पकतेचे लेणे. तथापि पुढील पिढ्यांत ही परंपरा क्षीण झाली. २०१० मध्ये आय.बी.एम.ने लोंबार्डी नावाची लहानशी कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर आलेल्या फिल गिल्बर्ट यांच्यावर २०१२ च्या सुमारास हे काम पुन्हा उभे करण्याची जबाबदारी पडली. २०१३ मध्ये ऑस्टिन येथे कार्यशाळा उघडली आणि काही वर्षांत हजाराहून अधिक रचनाकार नेमले गेले.

पण मला या संख्येपेक्षा त्यांनी पाडलेल्या तीन रिवाजांचे अधिक अप्रूप वाटते. पहिला ‘टेकडी’चा: कोणाला काय करता यावे आणि त्याने त्याचे काय भले व्हावे, एवढेच आधी ठरवावयाचे; चढण्याची वाट चमूने शोधावयाची. दुसरा ठराविक टप्प्यांवर आपले काम, ते अपुरे असले तरी, लहानथोरांसमोर गोष्टीसारखे मांडण्याचा. आणि तिसरा, ज्याला ती वस्तू वापरावयाची आहे त्यालाच काम चालू असताना जवळ बसविण्याचा. आमटी उकळत असतानाच चाखण्याच्या या तीन तऱ्हा होत.

यावर कोणी म्हणेल, गाडीचा ब्रेक किंवा रोग्याचे औषध असे अर्धे कच्चे बाहेर कसे सोडावे? आक्षेप रास्त आहे. परंतु चाखणे निराळे आणि वाढणे निराळे. कच्ची आमटी पंगतीत वाढा, असे कोण म्हणतो? चुलीपाशी वेळीच चव घेतली, तर पंगतीत फजिती टळते, एवढेच म्हणणे आहे. सह्या राहू द्याव्यात. मात्र सहीच्या आधी त्या दांड्यापाशी उभा राहणाऱ्याची नजर कागदावरून फिरलेली असावी.

ही नजर विकत आणता येत नाही. भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या डकविल्याने किंवा कचेरीतील पडद्या काढून टाकल्यानेही ती येत नाही. ज्या कनिष्ठाचा कच्चा खर्डा एकदा भर सभेत हसण्यावारी नेला गेला, तो पुन्हा कच्चे काही आणीत नाही; तो घोटून गुळगुळीत केलेलेच आणतो, आणि तेव्हा सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आपली कंपनी चपळ झाल्याचे कोणी अभिमानाने सांगू लागला की तेथे किती रचनाकार आहेत, हे मी विचारीत नाही. तेथील सर्वांत वरिष्ठ गृहस्थांपुढे शेवटचा अर्धवट कागद केव्हा आला आणि तो पाहून ते पहिले वाक्य काय बोलले, एवढेच विचारतो.