बंद पडलेली दुसरी तालीम

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची कसरतीची जागा. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, मग शाळा आणि आखाडा एकच का?" शब्द मूळ अरबी. एका भाषेत तो डोक्याकडे गेला, दुसरीत शरीराकडे. उस्तादचा वस्ताद झाला, पहलवानचा पैलवान. कुस्ती, खुराक, जोर हे शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आले. कोरोनात या दोन्ही तालमी एकाच वेळी बंद झाल्या. शाळांचं काय झालं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. आज दुसऱ्या तालमीबद्दल लिहितो.

२०२० ची सुरुवात पुण्यातल्या कुस्तीसाठी मोठी झोकात झाली होती. ७ जानेवारीला बालेवाडीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, कात्रजच्या एकाच तालमीत सराव करणारे. जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या मित्राला खांद्यावर उचलून घेतलं. त्यानंतर अडीच महिन्यांतच माणसाने माणसापासून लांब राहायचं, असा नियम आला.

टाळेबंदी लागली २५ मार्चला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. चैत्र उजाडला की गावोगावच्या यात्रा आणि उरूस सुरू होतात, आणि त्यांच्यासोबत कुस्तीची मैदानं. शहरातल्या माणसाला यात्रेतली कुस्ती म्हणजे हलगी, फेटे आणि धुरळा वाटतो. तालमीतल्या पोरासाठी ती वर्षाची कमाई असते. इनामाच्या पैशातून दूध, तूप, बदाम, अंडी, मटण आणि खोलीचं भाडं निघतं. त्या वर्षी यात्रा रद्द झाल्या आणि खुराकाचा झराच आटला.

माझा एक माजी विद्यार्थी तेव्हा पुण्यातल्या एका तालमीत राहत होता. वडील हातगाडीवर फळं विकायचे. गाडी बंद, मैदान बंद. तो घरी परतला. रमजानमध्ये त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तालमीत असताना रोजा सोडला की दूध-बदाम ठरलेलं असायचं. आता अम्मी माझ्या ताटात जास्त वाढते आणि स्वतः कमी खाते. मला ते दिसतं." त्याने त्या महिन्यात खुराक हा शब्दच घरात उच्चारायचं बंद केलं. जोर-बैठका मात्र चालू ठेवल्या, दोन खाटांच्या मधल्या जागेत.

पण जोर-बैठकांनी अंग टिकतं, कुस्ती टिकत नाही. धावणारा गच्चीवर थोडंफार धावू शकतो. पैलवानाला समोर जोड लागतो. पकड कधी घट्ट करायची, समोरच्याचा तोल कधी गेला, हे कातडीला कळावं लागतं. आम्ही शिक्षकांनी मोबाईलवर व्याकरण शिकवलं, वाईट शिकवलं असेल, पण शिकवलं. ढाक कसा मारायचा हे मोबाईलवर बघता येतं, अंगात मुरत नाही. शिवाय हौद्यातली लाल माती रोज उकरावी लागते. कुणी उतरलं नाही की ती दगडासारखी होते.

मैदानांचंही रूप पालटलं. ऑगस्टमध्ये पिंपरीच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो कोविड रुग्णालय उभं राहिलं. तेव्हा त्याची गरजच होती, तक्रार नाही. सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धेतला कांस्यपदक विजेता, आपल्या बीडचा राहुल आवारे यालाही कोरोनाची लागण झाली. राज्यातल्या व्यायामशाळा उघडल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. आणि महाराष्ट्र केसरीची पुढची गदा उचलली गेली थेट एप्रिल २०२२ मध्ये, साताऱ्यात. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने ती जिंकली. मधली सव्वादोन वर्षं कोरी.

शाळेतल्या पोरांना आपण सांभाळून घेतलं. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तेव्हा सरासरी गुण दिले. पुढच्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही, तरी निकाल लागला. मातीत सरासरी गुण नसतात. पैलवानाची उमेदीची वर्षं मोजकी. त्यातली दोन गेली की पुढच्या वर्गात ढकलण्याची सोय नाही. माझा विद्यार्थी टाळेबंदीनंतर घरोघरी पार्सल पोहोचवू लागला. तालीम उघडली तेव्हा वस्तादांनी बोलावलं होतं. घरचं कर्ज फिटेपर्यंत थांबतो म्हणाला, आणि थांबलाच.

एक गोष्ट मला राहून राहून आठवते. शाळा बंद असतानाही पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळी मुलांपर्यंत पोहोचवल्या गेल्या. वर्ग भरत नसला तरी मुलाला भूक लागते, हे सरकारने मान्य केलं होतं. तालमीतल्या पोरांना काही ठिकाणी दानशूर माणसांनी हात दिला, पण हक्काचं असं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. मानधन मिळतं ते किताब जिंकलेल्यांना. किताबाच्या वाटेवर असलेल्यांची नोंद करायला काय हरकत आहे? प्रत्येक तालमीत राहणाऱ्या मुलांची यादी, आणि संकट आलं की महिन्याचा खुराक घरपोच. शाळेसाठी जमलं ते तालमीसाठी जमायला हवं. शब्द तर एकच आहे.