कृष्णाकाठचा वाळुंज

७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. मुलांना घेऊन साताऱ्याला गेलो होतो. १९०० साली याच दिवशी बालभीमाचे नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज ते प्रतापसिंह हायस्कूल. शाळा पाहिली, माता भीमाईंच्या समाधीवर फुले वाहिली आणि दुपारी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी भाकरी सोडून बसलो.

पाण्यावर वाकलेले झाड पाहून धाकटी ओरडली, "आजी, विपिंग विलो!" तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात चित्र आहे. आईने पान उलटे केले. खालून पांढुरके. "अगं, हा तर आपला वाळुंज!"

दोघी जवळजवळ बरोबर. पुस्तकातला विलो मूळचा चीनचा. लिनियसने बाबिलोनचे नाव दिले तेही चुकून. वाळुंज त्याचाच भाऊबंद, पण आपल्या ओढ्या-नद्यांचा, मुळांनी काठ धरून ठेवणारा.

आईचे माहेर सांगलीकडचे. तिचे आजोबा वाळुंजाच्या ओल्या फोकांची डालगी विणत. ती वाड्यावर फुकट पोचवायची, तीही उंबऱ्याबाहेर ठेवून. १९५८ चा कायदा होऊन महार वतन गेले, तसे विणणेही सुटले. "बरंच झालं," मी म्हणालो.

"वेठ सुटली ते बरंच. पण हातात होतं ते पोरांना दावलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

मला उत्तर सुचले नाही.

तापावर वाळुंजाची साल उकळून देत, हेही तिनेच सांगितले. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून सुरू झालेला शोध १८९७ मध्ये जर्मनीत अ‍ॅस्पिरिनपर्यंत पोचला. मात्र मायबहिणींनो, लेकराला ताप आला तर दवाखानाच गाठा. डेंग्यूच्या दिवसांत साल नको आणि अ‍ॅस्पिरिनही नको.

चीनमध्ये अवलोकितेश्वराच्या हाती विलोची डहाळी दाखवतात, रोग हरणारी. तिथले भिक्खू दातवणालाही विलोची काडीच म्हणत. सातव्या शतकात इत्सिंग भारतात येऊन राहिला आणि त्याने लिहून ठेवले, की इथले दातवण विलोचे नव्हे, विलो इथे फार विरळा. त्याला कृष्णाकाठ कोणी दाखवला नसावा!

रात्री कराडमार्गे सांगलीला पोचलो. सकाळी आयर्विन पुलापासून आई काठाने झाड शोधत निघाली. २०१९ च्या महापुरानंतर तिला काठ ओळखू येईना. शेवटी एक सापडले. चार फोका काढून तिने नातीला पुढ्यात बसवले, बूड धरले, दोन फेरे घातले. तिसऱ्याला फोक मोडला.

"वाळलाय," ती म्हणाली. "दुसरा आण. पाण्याजवळचा बघ."